उंची कोण ठरवते?

गेल्या पावसाळ्यात आमच्या मळ्यातल्या घरी नाशिकहून एक कागद आला. माझ्या चुलतभावाचा मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा होता. पोऱ्याचे डोके अंगाच्या मानाने मोठे, कपाळ पुढे आलेले आणि हातपाय आखूड दिसत होते, म्हणून सटाण्याच्या डॉक्टरांनी त्याला नाशिकला दाखवायला सांगितले होते. तेथे एक्स-रे काढून दिलेल्या कागदावर इंग्रजीत एक लांबलचक शब्द लिहिला होता. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे तो कागद माझ्या हातात आला. मी अडखळत वाचले, "ॲकॉन्ड्रोप्लेशिया." "म्हणजे काय गं?" असे सर्वांनी विचारले आणि मला काहीच सांगता आले नाही.

मला सांगता आले नाही, तेव्हा सांगणारे दुसरे पुढे आले. कोणी म्हणाले, वहिनीने ग्रहणात विळी हातात घेतली असेल. कोणी म्हणाले, तिच्या माहेरच्या रक्तातच काही असेल. एका म्हाताऱ्या बाईने तर मागच्या जन्माचे पाप काढले. वहिनी काही बोलली नाही. बाळाला पदराखाली घेऊन ती आत निघून गेली.

दुसऱ्या खेपेला मी मुद्दाम बरोबर गेले. डॉक्टरांना विचारता येईल तेवढे विचारले आणि परत आल्यावर मिळेल ते वाचले. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे, शास्त्राची नाही. तरी जे समजले ते आपल्या भाषेत सांगावे, एवढ्याचसाठी हा लेख लिहीत आहे.

हाड वाढते कसे?

आपल्याला वाटते की हाड म्हणजे दगडासारखी निर्जीव वस्तू. प्रत्यक्षात हाड जिवंत असते. आईच्या पोटात बाळाच्या हातापायांची हाडे प्रथम कूर्चेची, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागासारखी मऊ व लवचिक असतात. हळूहळू त्या कूर्चेच्या जागी खरे हाड तयार होते. पण मांडी, नडगी, दंड अशा लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पातळ चकती तशीच शिल्लक राहते. डॉक्टर तिला 'ग्रोथ प्लेट' म्हणतात. आपण तिला वाढीची चकती म्हणू.

मुलाची उंची वाढते ती या चकतीतच. तेथील पेशी एकीच्या दोन होतात आणि नाण्यांच्या चवडीसारख्या एकीवर एक रचल्या जातात. मग त्या फुगतात, त्यांच्यात चुना साठतो आणि त्या जागी हाड तयार होते. चवडीच्या एका टोकाला नवी नाणी येत राहतात आणि दुसऱ्या टोकाचे हाड होत जाते. जन्मताना सुमारे ५० सेंटीमीटर असलेले बाळ पहिल्या वर्षात साधारण २५ सेंटीमीटर वाढते. पुढे हा वेग कमी होतो आणि शाळेच्या वयात वर्षाला पाच-सहा सेंटीमीटरवर येतो. वयात येताना पुन्हा एक उसळी येते आणि त्यानंतर या चकत्यांचेही हाड होऊन जाते. मुलींमध्ये हे मुलांपेक्षा लवकर घडते. चकती एकदा बंद झाली की कोणतीही पावडर, गोळी, तेल किंवा दांडीला लोंबकळणे उंची वाढवू शकत नाही. जाहिराती काहीही म्हणोत.

पाटाची फळी

आता प्रश्न असा की चकतीने किती वेगाने वाढायचे, हे कोण ठरवते? जेवणखाण, आजारपण, अंगातील संप्रेरके यांचा त्यात वाटा आहेच. पण मूळ आराखडा जनुकांत लिहिलेला असतो. अर्धा आईकडून आलेला, अर्धा वडिलांकडून.

या आराखड्यात 'एफजीएफआर-३' नावाचे एक जनुक आहे. आपण शेतकऱ्यांच्या मुलांनी ते असे समजून घ्यावे. पाटाचे पाणी वाफ्यात सोडताना मध्ये एक फळी असते. पाणी जास्त होऊ लागले की फळी खाली करायची, कमी पडले की वर उचलायची. हे जनुक वाढीच्या चकतीतील अशीच फळी आहे. वाढ आवरती ठेवणे हे तिचे काम. ॲकॉन्ड्रोप्लेशियात ही फळी खालीच अडकून बसते. पाणी आहे, वाफा आहे, खतही आहे, पण पाणी पुढे सरकत नाही. म्हणून लांब हाडे आखूड राहतात. धडाची लांबी त्या मानाने पुष्कळ चांगली असते. बुद्धीवर या जनुकाचा परिणाम होत नाही.

हा बदल १९९४ साली शोधला गेला. जवळजवळ सर्व रुग्णांत तो अगदी एकाच ठिकाणी, एका अक्षराचा असतो. तीन अब्ज अक्षरांच्या ग्रंथात एक अक्षर चुकीचे छापले जावे आणि अर्थ बदलावा, तसे हे आहे. साधारण २५ हजार जन्मांमागे एका बाळात तो आढळतो. अशा मोठ्या माणसांची उंची सरासरीने पुरुषांत १३१ आणि स्त्रियांत १२४ सेंटीमीटरच्या आसपास राहते.

मग दोष कोणाचा?

आमच्या घरात सर्वांना पडलेला प्रश्न हाच होता. त्याचे उत्तर शास्त्राने इतके स्पष्ट दिले आहे की ते वाचून मी थक्क झाले.

ॲकॉन्ड्रोप्लेशिया असलेल्या दर दहा मुलांपैकी सुमारे आठ मुले सर्वसाधारण उंचीच्या आईबापांच्या पोटी जन्मतात. म्हणजे हा बदल घराण्यात आधी नसतो, नव्याने घडतो. आणि घडतो केव्हा? वडिलांच्या शरीरात शुक्रपेशी तयार होताना, अक्षरांची नक्कल उतरवण्याच्या कामात. अशा नव्या बदलांचा माग काढला तेव्हा ते वडिलांकडून आलेल्या प्रतीत सापडले. वडिलांचे वय जास्त असेल तर शक्यता थोडी वाढते, पण तरुण वडिलांच्या बाबतीतही ते घडते.

आता क्रम लक्षात घ्या. गर्भ राहण्यापूर्वीच अक्षर बदललेले असते. ग्रहण त्यानंतर कितीतरी महिन्यांनी येते. जे आधीच घडून गेले, ते नंतरच्या विळीने कसे घडेल? वहिनीने भाजी चिरली असती काय, नसती चिरली काय, बाळ असेच जन्मले असते.

मात्र हे वाचून कोणी आता बापाकडे बोट दाखवू नये. नक्कल उतरवताना चूक होणे हे कोणाच्या वागण्याचे फळ नाही. कोट्यवधी पेशी रोज तयार होतात, त्यांत अशा चुका व्हायच्याच. आपल्या प्रत्येकात अशा काही चुका आहेत. त्यांतल्या बहुतेक दिसत नाहीत, एवढेच.

पुढच्या पिढीचा हिशेब मात्र वेगळा. ज्याला स्वतःला ॲकॉन्ड्रोप्लेशिया आहे, त्याच्या प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. नवराबायको दोघांनाही असेल, तर चारांत एका गर्भाला दोन्हीकडून बदललेली प्रत मिळते आणि असे बाळ सहसा वाचत नाही. म्हणून अशा जोडप्यांनी आधी जनुकतज्ज्ञांचा सल्ला घेणे आवश्यक असते.

सर्व बुटकेपण एक नव्हे

हाडांचे आनुवंशिक आजार एकदोन नाहीत, शेकडो आहेत. दिसायला सारखे वाटले तरी त्यांची कारणे वेगळी, म्हणून उपायही वेगळे. आपल्या आसपास आढळू शकतील अशा तिघांची ओळख करून देते.

पहिला ठिसूळ हाडांचा आजार. घर बांधताना सिमेंट असते आणि आत लोखंडी सळई असते. हाडात चुना हे सिमेंट आणि कोलॅजन नावाचे प्रथिन ही सळई. या आजारात सळईच कमकुवत असते. उचलताना, कूस बदलताना हाड मोडते. पुष्कळदा डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसतो. वारंवार हाडे मोडली की ती वाकतात आणि उंचीही खुंटते. अशा आईबापांवर मुलाला मारल्याचा संशय घेतला गेल्याची उदाहरणे जगभर आहेत. हाडांची झीज कमी करणारी औषधे शिरेतून देणे आणि हाडाच्या आत सळई बसवणे, या उपायांनी आज अशी पुष्कळ मुले उभी राहतात.

दुसरा आनुवंशिक मुडदूस. साधा मुडदूस 'ड' जीवनसत्त्वाच्या किंवा चुन्याच्या कमतरतेने होतो आणि औषधाने बरा होतो. पण काही मुलांचे पाय वाकतात आणि नेहमीचे औषध कितीही दिले तरी सुधारत नाहीत. त्यांच्या मूत्रपिंडातून फॉस्फेट वाहून जात असते. पाटालाच गळती असेल तर विहिरीला दोष देऊन काय उपयोग? या आजाराचा नेहमी आढळणारा प्रकार वडिलांकडून सर्व मुलींना येतो आणि मुलांपैकी एकालाही येत नाही. आईकडून मात्र मुलगा असो वा मुलगी, शक्यता निम्मी. रक्तातील फॉस्फेट तपासले की तो ओळखता येतो आणि त्याचे औषध वेगळे आहे. म्हणून पायांना बाक असलेल्या मुलाला औषधाने गुण येत नसेल, तर तेच औषध वर्षानुवर्षे देत राहू नये.

तिसऱ्या प्रकारात आईबाप दोघेही धडधाकट असतात, पण दोघांकडेही त्याच जनुकाची एकेक बिघडलेली प्रत असते. एक प्रत चांगली असल्याने त्यांना त्रास होत नाही. दोन्ही बिघडलेल्या प्रती मुलाकडे आल्या की आजार दिसतो. ही शक्यता दर वेळी चारांत एक. नवराबायको जवळच्या नात्यातले असतील तर दोघांकडे एकच बिघडलेली प्रत असण्याचा संभव वाढतो, कारण ती एकाच आजा-आजीकडून आलेली असू शकते.

याचे एक उदाहरण चित्रकलेच्या इतिहासात आहे. तुलूझ-लोत्रेक (१८६४–१९०१) हा फ्रान्सचा विख्यात चित्रकार. त्याचे आईबाप सख्ख्या बहिणींची मुले होती. तेराव्या-चौदाव्या वर्षी त्याच्या दोन्ही मांड्यांची हाडे मोडली आणि त्यानंतर पाय वाढलेच नाहीत. त्याला या तिसऱ्या प्रकारातला एक हाडांचा आजार असावा, असा तर्क पुढे डॉक्टरांनी केला. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल जुनी आहे. इरावतीबाई कर्वे यांनी नातेसंबंधांच्या अभ्यासात तिची चर्चा केली आहे. अशा प्रत्येक लग्नात आजार होतोच असे मुळीच नाही, बहुसंख्य मुले निरोगी असतात. पण घरात आधी असे मूल झालेले असेल, तर सोयरीक जुळवताना पत्रिकेइतकेच याकडेही पाहिले पाहिजे.

नागपूरची ज्योती

बुटकेपणाविषयी महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक असलेले नाव म्हणजे नागपूरची ज्योती आमगे. तिचा जन्म १६ डिसेंबर १९९३चा. अठरा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, १६ डिसेंबर २०११ रोजी, गिनेस बुकने तिची उंची ६२.८ सेंटीमीटर नोंदवून तिला जगातील सर्वात कमी उंचीची स्त्री म्हणून जाहीर केले. तिच्या आजाराला कोठे ॲकॉन्ड्रोप्लेशिया म्हटले गेले, तर कोठे दुसरे नाव छापले गेले. वर सांगितलेली १२४ सेंटीमीटरची सरासरी पाहिली, तर ६२.८ हा आकडा तिच्या निम्मा भरतो. फोटो पाहून कोणालाही एकच नाव देऊन टाकणे कसे अपुरे आहे, हे यावरून समजावे.

२०२४ च्या नोव्हेंबरात लंडनला तिची जगातील सर्वात उंच स्त्रीशी, तुर्कस्तानच्या रुमेयसा गेलगीशी भेट झाली. दोघींनी एका टेबलाशी बसून चहा घेतला. रुमेयसाची उंची २१५.१६ सेंटीमीटर आहे, आणि तिचेही कारण जनुकातील बदल हेच आहे. म्हणजे एकीच्या वाढीला आळा बसला, दुसरीची वाढ आवरली गेली नाही. दोघींपैकी कोणीही हे मागून घेतलेले नाही.

मला मात्र ज्योतीची दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ती इतर मुलांबरोबर नेहमीच्या शाळेत शिकली आणि वर्गात तिच्यासाठी लहान बाक व खुर्ची केलेली होती. २०१९ आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकांत नागपूरला तिने रांगेत येऊन मतदान केले. विक्रम एकाच्याच वाट्याला येतो. बाक आणि मत सर्वांच्या वाट्याला यायला हवे.

काय करावे, काय करू नये

डॉक्टरांनी वहिनीला जे सांगितले त्यातले बरेचसे औषध नव्हतेच, जपणूक होती. ॲकॉन्ड्रोप्लेशियाच्या बाळाच्या कवटीच्या तळाचे छिद्र अरुंद असू शकते आणि त्यामुळे मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. म्हणून पहिल्या दोन वर्षांत डोक्याचा घेर मोजत राहणे, झोपेत श्वास अडकतो का ते पाहणे आणि सांगितलेल्या तपासण्या करणे आवश्यक असते. बाळाची मान व पाठ सैल असते, त्यामुळे त्याला घाईने बसवू नये, पाठीला आधार द्यावा. कान वारंवार फुटत असतील तर ऐकू येते का ते तपासावे.

आपल्याकडे न्हाऊ घालणारी बाई बाळाला पायांना धरून उलटे करते, हातपाय ताणते, झटके देते. ॲकॉन्ड्रोप्लेशियाच्या बाळाच्या मानेला हे धोक्याचे आहे, आणि ठिसूळ हाडांच्या बाळाचे तर हाडच मोडेल. अशा बाळाचे लंगोट बदलतानाही पाय धरून उचलू नये, पाठीखाली हात घालून उचलावे. एवढी साधी गोष्ट घरात कळली, तरी मोठे नुकसान टळते.

अडकलेली फळी थोडी उचलणारे एक औषध आता निघाले आहे. व्होसोरिटाईड नावाच्या या इंजेक्शनला २०२१ साली युरोप आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. चकत्या उघड्या आहेत तोवर ते रोज टोचावे लागते. चाचणीत त्याने वर्षाला सरासरी दीड सेंटीमीटर जास्त वाढ दिसली. किंमत मात्र सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची आहे. हाड कापून, बाहेरून चौकट लावून ते रोज एक मिलिमीटर ताणत नेण्याची पद्धत रशियाच्या इलिझारोव्ह या डॉक्टरांनी शोधली. तिने लांबी वाढते, पण तिला कित्येक महिने लागतात आणि वेदनाही सोसाव्या लागतात. कोणता मार्ग घ्यावा, हे मुलगा जाणता झाल्यावर त्याच्याशी बोलून ठरवण्याची बाब आहे.

अंगणवाड्यांत आणि शाळांत राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची डॉक्टरमंडळी मुलांना तपासायला येतात. हा कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये, मुद्दाम पुढे करावे.

कायदा आणि यात्रा

२०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्याने २१ प्रकार मान्य केले आणि त्यांत बुटकेपणाचा स्वतंत्र उल्लेख केला. वैद्यकीय वा आनुवंशिक कारणाने मोठेपणी उंची १४७ सेंटीमीटर, म्हणजे चार फूट दहा इंच, किंवा त्याहून कमी राहिलेली व्यक्ती यात येते. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते आणि त्यांत हा नव्हता. प्रमाणपत्र असेल तर उच्च शिक्षणातील आणि सरकारी नोकरीतील राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. हे आपल्या भागात फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून येथे लिहिले.

पण कायदा कागदावर असतो आणि नजर रस्त्यावर असते. ज्यांनी दुष्काळात सरकारी खजिना रयतेसाठी उघडला, त्या देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा दर हिवाळ्यात आपल्या सटाण्यात आरम नदीच्या काठी भरते. लहानपणी त्या यात्रेत एका तंबूबाहेर एक बुटके गृहस्थ रंगीत टोपी घालून लोकांना आत बोलावत होते. आम्ही मुले त्यांच्याकडे पाहून पोट धरून हसलो होतो. त्यांचे वय आमच्या वडिलांएवढे असेल. त्यांना शाळेत बाक मिळाला होता का, दुसरे कोणते काम कोणी दिले होते का, हा विचार तेव्हा मनात आला नाही. आज येतो, आणि त्या हसण्याची लाज वाटते.

आमच्या घराच्या चौकटीवर आम्हा भावंडांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. पोऱ्याची खूण तेथे करावी की नाही, असा वहिनीला प्रश्न पडला होता. डॉक्टरांनी सांगितले की ॲकॉन्ड्रोप्लेशियाच्या मुलांसाठी वाढीचे वेगळे तक्ते १९७८ सालीच तयार झाले आहेत. त्याची वाढ शेजारच्या मुलाशी ताडून पाहायची नाही, त्याच्या तक्त्याशी ताडून पाहायची. आता तो तक्ता वहिनीने ट्रंकेत जपून ठेवला आहे, आणि दर खेपेला त्यावर एक ठिपका वाढतो.

आजी अजून ग्रहण पाळते. पण हा सगळा हिशेब तिला दोनदा समजावून सांगितल्यापासून वहिनीला ती बोल लावत नाही. परवा तिने मला विचारले, "त्याला शाळेत बाक कोण करून देईल गं?" घरात आता हा प्रश्न विचारला जातो, याचे मला समाधान वाटते. बाक करून देणारे सुतार आपल्या गावात पुष्कळ आहेत. शाळेने तेवढे सांगायला हवे.